मदतीला पहिले, राखणीला कुठे?

(युवा शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'किनाऱ्याचं संवर्धन आणि तरुणांचा सहभाग' हा विषय दिला आहे. मी पर्यावरणतज्ज्ञ नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीकाठच्या एका गावात, उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. गेले पाच हिवाळे आमच्या गावच्या पुळणीवर आणि खाडीत आम्ही काही काम करतोय. त्यातलं जे चुकलं आणि जे जमलं, ते दोन्ही तुमच्यापुढे ठेवणार आहे. चुकलेलं आधी सांगेन, कारण शिकायला तेच जास्त उपयोगी पडलं.

सुरुवात ३ जून २०२० पासून करते. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्याला त्याने झोडपून काढलं. पन्नास-साठ वर्षांच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे, कौलं उडाली. वीज कित्येक दिवस नव्हती. त्यात कोरोनाची टाळेबंदी. त्या काळात आमच्या मोहल्ल्यातली पोरं ज्या तऱ्हेने धावली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. करवती घेऊन रस्त्यावरची झाडं कापली, ताडपत्र्या वाटल्या, जनरेटरवर सगळ्या गावाचे मोबाइल चार्ज करून दिले. मशिदीच्या आवारात जेवण शिजायचं आणि ते सगळ्या वाड्यांवर जायचं. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही हीच पोरं पाण्याचे कॅन आणि फावडी घेऊन तिकडे गेली, लोकांच्या घरातला चिखल उपसला. कोणाचं घर, कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, कुणी विचारलं नाही.

वादळानंतर काही महिन्यांनी ग्रामसभा झाली. विषय होते पडलेल्या सुरूच्या झाडांचं काय करायचं, पुळण खचतेय तिथे धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा का, खारलँडच्या बांधाला पडलेलं भगदाड कोण बुजवणार. आमच्या मोहल्ल्यातून त्या सभेला दोन माणसं होती. त्यातली एक मी. सभा संपल्यावर कोळीवाड्यातले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. कडवटपणे नाही, सहज म्हणाले, "बाई, तुमची पोरं वादळात देवासारखी धावली. पण एरवी कुठं असतात हो?"

मला उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे, त्याचा सगळा सूर त्या एका प्रश्नात आहे. मदतीला आपण पहिले असतो. राखणीला कुठे असतो?

हिवाळाच का?

आधी थोडं विज्ञान, मग आपली गोष्ट.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात नेतात. म्हणून ऑगस्टमध्ये पुळण अरुंद दिसते, कुठे कुठे खडक उघडे पडतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत होतो आणि लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणजे हिवाळ्यात किनारा स्वतःच स्वतःला दुरुस्त करत असतो. आपण फक्त त्याच्या आड येऊ नये आणि जमेल तिथे हात द्यावा.

त्याच दिवसांत भातकापणी आटोपलेली असते, जमीन मोकळी असते, चिखलात उतरता येतं. त्याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आणि त्याच दिवसांत, नाताळच्या सुट्टीत, मुंबई-पुण्याच्या गाड्या थेट पुळणीवर उतरतात. किनाऱ्यासाठी जे काही करायचं, ते बहुतेक या चार-पाच महिन्यांत करावं लागतं. वादळ, पूर उन्हाळ्या-पावसाळ्यात येतात आणि आपण तेव्हा जागे होतो. राखणीचा मोसम मात्र तोपर्यंत संपून गेलेला असतो.

आजोबांचा बांध

राखण ही काही मी बाहेरून आणलेली कल्पना नाही. ती आपल्या घरातलीच होती.

माझ्या आजोबांची खाडीलगत खारजमीन होती. ज्यांचं गाव खाडीवर नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा आणि आतल्या जमिनीत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात घ्यायचं. बांधाला उघाडी असते, म्हणजे दार. पावसाचं जादा पाणी ओहोटीला त्यातून बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. अशा बांधाला एका ठिकाणी भोक पडलं, तरी सगळ्यांच्या शेतात मीठ शिरतं. त्यामुळे बांध एकट्याचा नसतोच. आमच्याकडे थंडीत ठरावीक दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जायचा, मुसलमानांच्या घरातून आणि कुणब्यांच्या घरातूनही. ज्याच्या घरातून कुणी आलं नाही, त्याला पुढच्या वेळी दोन दिवस द्यावे लागायचे.

दिवस ठरवायची आजोबांची रीत मला फार आवडते. ते हिजरी तारीख बघायचे. चांद दिसल्यावरचे दोन दिवस आणि चौदावीच्या चांदानंतरचे दोन दिवस उधाण, पाणी सर्वांत वर चढतं. सातवी-आठवी आणि बाविशीच्या आसपास भांग, म्हणजे भरती कमी. बांधाचं काम भांगाला. अमावास्या-पौर्णिमेवरून कोळीबांधव जे मोजतात, तेच आपण चांदच्या तारखेवरून मोजत होतो. आज माझ्या वर्गातल्या मुलांना रमजानचा चांद कधी दिसणार हे ठाऊक असतं, पण त्याच चांदामुळे आपल्या घरामागचं पाणी चढतं-उतरतं, हे ठाऊक नसतं.

मग काय झालं? सत्तरच्या दशकापासून घराघरातून माणसं आखातात गेली. कुवेत, दुबई, दोहा. त्यात वाईट काही नाही. त्या पैशावर आम्ही शिकलो, मीसुद्धा. पण बांधावर जायला घरात माणूस उरला नाही. मोठ्या बांधांची जबाबदारी सरकारी खारभूमी खात्याकडे गेली आणि लोक म्हणायला लागले, "आता सरकार बघेल." कित्येक ठिकाणी बांध फुटले, शेतं पडीक झाली, आणि पडीक शेतात खाऱ्या पाण्याबरोबर तिवर, चिप्पी येऊन रुजली.

आमच्या भिंतीतली वाळू

आता जरा अवघड गोष्ट सांगते. आपल्याला दुसऱ्यांच्या चुका लवकर दिसतात.

आखाती पैशातून मोहल्ल्यात घरं उभी राहिली. दोन मजली, तीन मजली, बाल्कन्या, रंगीत काचा. त्यातली निम्मी आज वर्षातले अकरा महिने बंद असतात. त्या घरांना वाळू कुठून आली? आमच्या घराच्या पुढच्या भागाचा स्लॅब पडला तेव्हा मी कॉलेजात होते. वाळू आमच्याच खाडीतली होती. पूर्वी हातपाटीने वाळू काढायचे, डुबी मारून, पाटीपाटीने. मग सक्शन पंप आले आणि खाडीचा तळच उपसला जाऊ लागला.

नदी सह्याद्रीवरून वाळू आणते, खाडीच्या मुखातून ती समुद्रात जाते, आणि लाटा तिचा काही भाग पुळणीवर आणून टाकतात. खाडीतूनच वाळू उचलली, तर पुळणीला मिळणारी वाळू कमी होते. पुळण खचण्याला इतर कारणंही आहेत. समुद्राची पातळी वाढतेय, धरणं आहेत, चुकीच्या जागी बांधलेले बंधारे आहेत. पण आपल्या वाट्याचं कारण आपल्या भिंतीत आहे. ग्रामसभेत "समुद्र आमची जमीन खातोय" असं आम्ही म्हणतो, तेव्हा त्या समुद्राचं थोडं देणं आमच्याकडे बाकी आहे, हेही म्हणायला हवं. मी हे पहिल्यांदा मोहल्ल्याच्या बैठकीत बोलले, तेव्हा एक चाचा रागावून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून सांगितलं की वाळूच्या धंद्यात त्यांनी स्वतः किती वर्षं काढली. त्यानंतर आमच्या कामात त्यांच्याइतका नेमाने कुणी आलं नाही.

दोनशे रोपांची गोष्ट

आता आमची मोठी चूक.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, कांदळवन लावायचं. त्याच्या मुळांनी लाटांचा जोर कमी होतो, माती धरून ठेवली जाते, कोळंबी, चिंबोरी, बोय यांची पिल्लं तिथे वाढतात, हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शंभरेक मुलं खाडीच्या उघड्या चिखलात उतरली. दोनशे रोपं लावली. फोटो झकास आले. बातमी छापून आली. दुबईहून फोन आले.

पावसाळा संपेपर्यंत त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. काही वाहून गेली, काहींच्या देठावर शिंपल्यांचे थर चढले, काही वाहत आलेल्या जाळ्यांत अडकून मोडली. मी फार निराश झाले. तेव्हा मोहल्ल्यातल्या एका दादींनी विचारलं, "ज्या जागेवर तिवरानं आपणहून कधी पाय ठेवला नाही, तिथं तू का ठेवलास?" या दादींनी आयुष्यभर ओहोटीला कालवं काढलीत. चिखलाची कोणती जागा किती वेळ पाण्याखाली असते, हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे. कांदळवनाच्या प्रत्येक जातीला भरतीचं पाणी ठरावीक वेळच लागतं. उघड्या, सखल चिखलात पाणी फार वेळ उभं राहतं, तिथे रोपं तग धरत नाहीत. मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही चूक जगभर झाली आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत मोठ्या प्रमाणावर कांदळवन लावलं गेलं आणि चुकीच्या जागा निवडल्यामुळे बहुतेक ठिकाणी ते जगलं नाही.

दादींना घेऊन आम्ही पुन्हा खाडीकाठ फिरलो. एका जागी जुनी तिवरं वाळत होती आणि नवीन रोप एकही नव्हतं. कारण साधं होतं. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याखाली एक मोरी होती. तिच्या पाइपात प्लॅस्टिक, दगड-माती आणि वादळातला पालापाचोळा अडकून भरतीचं पाणी पलीकडे जातच नव्हतं. तो कचरा कुणाचा होता? बराचसा आमच्याच मोहल्ल्याचा.

मग आम्ही रोपं लावणं थांबवलं आणि मोरी मोकळी करायचं ठरवलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने कांदळवन तोडण्याला, त्यावर भराव टाकण्याला मनाई केली आहे. चांगल्या हेतूनेसुद्धा तिथे परवानगीशिवाय फावडं चालवता येत नाही. आम्ही ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, वनखात्याकडे अर्ज केला, पुन्हा अर्ज केला. दुसरा हिवाळा निव्वळ कागदपत्रांत गेला. मुलं कंटाळली. "मॅडम, यापेक्षा रोपं लावलेली बरी," म्हणाली. तिसऱ्या हिवाळ्यात परवानगी मिळाली आणि वनखात्याच्या माणसांसमोर चार दिवसांत मोरी साफ झाली. त्याचा एकही फोटो बघण्यासारखा आला नाही. गटारात उतरलेल्या माणसांचा फोटो कोण लाइक करणार? पण पुढच्या पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराच्या बिया आत आल्या आणि आपणहून रुजल्या. आम्ही एकही लावली नव्हती. आता तिथे माझ्या गुडघ्याएवढी रोपं आहेत. दर हिवाळ्यात मोरी पुन्हा साफ करावी लागते. तेच आमचं काम.

तुम्ही विचाराल, पडीक खारजमिनीत कांदळवन आलं, मग ते ठेवायचं की बांध घालून शेती परत करायची? याचं एक उत्तर नाही. जिथे अजून कुणी कसतंय, तिथला बांध सगळ्यांनी मिळून राखला पाहिजे. त्या शेतकऱ्याचं मीठ झालेलं शेत बघून "निसर्ग परत येतोय" म्हणणं क्रूरपणा आहे. जिथे वीस-वीस वर्षं कुणी पाऊल टाकलेलं नाही आणि दाट तिवर उभी आहे, तिथे ती तोडायचा विचारही करू नये. मधल्या जागांचा निर्णय सरकारी खाती आणि ग्रामसभा यांच्यामध्ये होतो. त्या सभेत आपण नसलो, तर आपल्या जमिनीचा निर्णयही आपल्याशिवाय होतो. मग तक्रार करायला तोंड राहत नाही.

फजरनंतरची पाळी

पुळणीवरचं काम कासवांचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. पूर्वी जी माणसं अंडी गोळा करायची, त्याच माणसांनी घरटी राखायला सुरुवात केली. आज कोकणात अनेक पुळणींवर कासवमित्र आहेत. कासवाची मादी रात्री वर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. परत कधी बघायला येत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड असली तर नर. मधल्या काळात कुत्रे, कोल्हे, माणसं, गाड्या. म्हणून प्रशिक्षित कासवमित्र वनखात्याच्या देखरेखीखाली अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. तुम्ही स्वतः अंड्यांना हात लावू नका. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आमच्या पुळणीवर गस्त होती, पण शाळेला त्याची खबरच नव्हती. माहितीपत्रकं मराठीत आणि मराठी शाळेत वाटली जायची. मुद्दाम कुणी टाळलं असं मी म्हणत नाही. पण उर्दू शाळेत यायचं कुणाला सुचलं नाही, आणि आपणहून जाऊन विचारावं असं आम्हालाही सुचलं नाही. शेवटी मी जाऊन विचारलं. आमच्या मुलींनी त्या पत्रकाचा उर्दू तक्ता केला, तो मशिदीच्या फलकावर आणि रिक्षा स्टँडवर लागला.

मुलींचा प्रश्न मात्र कठीण होता. गस्त रात्री असते. मुली रात्री पुळणीवर जाणार, या कल्पनेनेच पालक गप्प झाले. मी भांडले असते, पण त्यात हिवाळा गेला असता. आम्ही मधला मार्ग काढला. मादी येऊन गेल्याच्या खुणा वाळूवर राहतात, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. तो माणसांची ये-जा सुरू व्हायच्या आत, उजाडताना बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत फजरची नमाज पहाटे सहाच्या सुमाराला होते, सूर्य सातनंतर उगवतो. म्हणून फजरनंतरची पाळी मुलींची ठरली. सोबत कुणाची आई, कुणाची आजी. पहिल्या आठवड्यात तीन मुली होत्या. आता नोंदवही त्याच सांभाळतात. तारीख, वेळ, जागा, मागाची रुंदी, कुत्र्यांचे ठसे आहेत की नाहीत.

ती नोंदवही एकदा फार उपयोगी पडली. एका सकाळी एक घरटं फुटलेलं सापडलं आणि दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला की मोहल्ल्यातल्या पोरांनी अंडी चोरली. तुम्हाला सांगायला नको, असा मेसेज कुठवर जाऊ शकतो. मुलींनी वही काढली. त्या पहाटे घरट्याभोवती कुत्र्यांचे ठसे आणि फुटक्या अंड्यांची टरफलं असल्याची नोंद होती, मोबाइलवर वेळेसकट फोटो होता. कोळीवाड्यातल्या कासवमित्राने तोच फोटो त्याच ग्रुपवर टाकला. मेसेज काढला गेला. माफी कुणी मागितली नाही. पण मला त्या दिवशी कळलं की रोज पहाटे तिथे असण्याला काय किंमत आहे. आपण तिथे नसतो, तेव्हा आपल्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं.

आणखी एक छोटी गोष्ट. हंगामाच्या सुरुवातीला कासवमित्र नारळ फोडून पूजा करतात. आमच्या काही पोरांना प्रश्न पडला, आपण थांबायचं का? मी म्हटलं, त्यांची पूजा त्यांना करू द्या, आपण अदबीने बाजूला उभे राहू, आणि मग जाळी ठोकायला सगळे मिळून जाऊ. दोन्ही बाजूंनी कुणाचं काही बिघडलं नाही.

हे दीनचं काम आहे का?

हा प्रश्न मला मोहल्ल्यात विचारतात. आणि आपल्या चळवळीतले काही मित्र उलटं विचारतात, "यात धर्म कशाला आणायचा?" दोघांनाही थोडक्यात उत्तर देते.

पहिल्यांना. सदका-ए-जारिया आपल्याला ठाऊक आहे, देणारा गेल्यावरही चालू राहणारा सदका. आपण विहीर बांधतो, मशिदीला फरशी देतो. लावलेल्या झाडाचं फळ पाखराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो आणि रस्त्यातला काटा उचलणं हासुद्धा सदका आहे, अशा अर्थाच्या हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मग पुळणीवरून तुटक्या जाळीचा तुकडा उचलणं, ज्यात एखादं कासव अडकून मेलं असतं, हे वेगळं कसं? 'जारिया' म्हणजे वाहतं, चालू राहणारं. एका दिवसाचं काम तसं होत नाही.

दुसऱ्यांना. ज्याला धर्माचा आधार नको, त्याच्यासाठी संविधानाचा ५१-क आहे. निसर्गाचं रक्षण आणि जिवांबद्दल दयाबुद्धी हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून तिथे लिहिलंय, आणि त्याला लागूनच वैज्ञानिक दृष्टिकोन आणि सुधारणावाद यांचंही कर्तव्य आहे. दोनशे रोपं मेल्यावर "अल्लाहची मर्जी" म्हणून गप्प न बसता कारण शोधणं, हा वैज्ञानिक दृष्टिकोन. माझ्या मोहल्ल्यातला जो पहिल्या कारणाने येतो आणि जो दुसऱ्या कारणाने येतो, ते दोघे मोरीत एकाच चिखलात उभे असतात. मला तेवढं पुरतं.

या हिवाळ्यात काय कराल?

भाषण ऐकून घरी जाल. म्हणून पाच गोष्टी सांगते, सगळ्या करण्यासारख्या.

एक. पुढच्या ग्रामसभेची तारीख काढा आणि जा. मुली असाल तर आईला, मावशीला घेऊन जा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावात ती आहे का, तिच्या बैठका होतात का, तिच्यात तुमच्या मोहल्ल्यातलं कुणी आहे का, एवढं विचारा.

दोन. रोपं लावायच्या आधी एक पूर्ण वर्ष जागा बघा. पाणी कुठे अडलंय, कचरा कुठून येतोय, काय आपणहून उगवतंय. पुळणीवर मर्यादवेल, रावणाच्या मिशा दिसल्या तर त्या 'गवत' म्हणून उपटू देऊ नका. वाळू धरून ठेवणारी तीच झाडं आहेत.

तीन. घरात मासेमारी असेल, तर बोटीवरच्या माणसांना सांगा. जाळ्यात कासवासारखा संरक्षित प्राणी आला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटो किंवा व्हिडिओच्या पुराव्यावर नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, २५ हजार रुपयांपर्यंत. अर्ज भरायला त्यांना मदत करा. तुम्ही शिकलात ते यासाठीही.

चार. सुट्टीत पुळणीवर गाडी नेऊ नका आणि आलेल्या पाहुण्या भावंडांनाही नेऊ देऊ नका. रात्री किनाऱ्याकडे तोंड केलेले झगझगीत दिवे बंद करा. पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर येतात.

पाच. आखातात असलेल्या भावांकडून, मामूंकडून नुसते पैसे मागू नका. सुट्टीवर येतील तेव्हा एक दिवस मागा. आमच्याकडे गेल्या वर्षी डिसेंबरात सुट्टीवर आलेले चौघे मोरी साफ करायला उतरले. एक जण म्हणाला, "वीस वर्षांत गावात पहिल्यांदा पाय भरले." घराच्या बाल्कनीतून त्याला खाडी दिसते, पण तो तिच्यात उतरला नव्हता.

शेवटचं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली कासवाची एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या किनाऱ्यावरून पश्चिमेच्या किनाऱ्यावर. हे वर्गात सांगितल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग ती नक्की कुठली?" वर्गात बरीच चर्चा झाली. शेवटी मुलांनीच ठरवलं की जिथे तिची अंडी आहेत, तिथली.

आमच्या गावी आम्हाला अधूनमधून हाच प्रश्न विचारला जातो, कधी हसून, कधी तसा नाही. मी त्याला भाषणाने उत्तर द्यायचं सोडून दिलंय. गेल्या वर्षी त्याच कोळीवाड्यातल्या गृहस्थांनी बांधाच्या कामाची यादी केली. यादी वाड्यांप्रमाणे नव्हती, घरांच्या क्रमाने होती. आमचं घर सतराव्या क्रमांकावर होतं. भांगाच्या दिवशी सकाळी आठ वाजता माझा भाऊ आणि मी घमेलं घेऊन तिथे होतो. भगदाड अजून पूर्ण बुजलेलं नाही. या हिवाळ्यात पुन्हा जायचंय.

तुमच्या गावची यादी निघाली असेल, तर तीत तुमचं घर आहे का बघा. नसेल, तर जाऊन लिहून या.